चष्मेवाला एकटा फिरत नाही

अण्णा, इस्लापूरच्या डोंगरात चष्मेवाला कोणता आणि वटवट्या कोणता, हे तुम्ही मला तीन हिवाळे शिकवलंत. दोन्ही पक्षी अंगठ्याएवढे, दोन्ही हिरवट-पिवळे, दोन्ही पानाआड. एकाच्या डोळ्याभोवती पांढरं कडं, दुसऱ्याच्या भुवईवर फिकट रेघ, तेवढ्यावरून ओळखायचं. तुम्ही निजामाच्या जंगल खात्यात कारकून, सहा दिवस उर्दूत कागद खरडायचे आणि घरी आल्यावर मुके व्हायचे. आई गेल्यापासून घरात आपण दोघंच. शुक्रवारी कचेरीला सुट्टी, तेव्हा टेकडीवर काय बोलाल तेवढंच.

त्या शुक्रवारी मी तेरा वर्षांची आहे. तुमची नजर अधू होत चाललीय, हे आपण दोघंही जाणतो, बोलत मात्र नाही. धावड्याच्या झाडाच्या शेंड्याला काहीतरी हलतं.

"चष्मेवाला हाय न्हवं?" तुम्ही विचारता.

"हाव."

"कडं दिसलं?"

"दिसलं की."

तेवढ्यात तो पक्षी ओरडतो, एकच कोरडा टिक्‌. तुम्ही जागीच थांबता.

"ह्यो वटवट्या हाय. चष्मेवाला कवा एकटा फिरत न्हाई, टोळी असती त्याची. बापाच्या डोळ्याची कीव करून राहिलीस व्हय?"

पुढच्या शुक्रवारी तुम्ही मला न उठवता गेलात. मी भाकरी करून दुपारपर्यंत वाट पाहिली. नंतरचे सगळे शुक्रवार तसेच गेले, आणि उन्हाळ्यात तापाचं निमित्त होऊन तुम्हीही गेलात. काकांनी मला चाकूरला नेलं. पुढं लग्न, लेकरं, नांदेडचं बिऱ्हाड, सगळं रीतसर झालं. आता लेकरं आपापल्या गावी आहेत आणि घरात बोलायला कोणी नाही. म्हणून हे पत्र लिहितेय, टाकायला पेटी नाही हे माहीत असून.

तुम्हाला वाटलं, पोरीला नीट दिसलं आणि बापाचं मन राखायला ती खोटं बोलली. तसं नव्हतं, अण्णा. मला ते पक्षी कधीच ओळखू आले नाहीत. कडं नाही की रेघ नाही. तीन हिवाळे मी तुमच्या तोंडाकडे बघून हाव म्हणत होते. त्याच दिवशी हे सांगितलं असतं तर तुमच्या जिवाला लागलं नसतं. पण तुम्ही विचारलं असतं, मग येतीस कशाला? तुमच्यासंगं चालायला, एवढं म्हणायची मला लाज वाटली.