अंदमानातला शेवटचा मासा

आबा, मी अंदमानला जाऊन आले. देवदर्शनाला नाही, मासे धरायला. बँकेतून रिटायर झाल्यावर बरोबरीच्या बायका अष्टविनायकाला निघाल्या, आणि मी मात्र गळाने मोठे मासे धरायला आठवडाभर समुद्रात जाणाऱ्या बोटीवर जागा घेतली. तुमच्यानंतर मायही गेल्यापासून पिंप्राळ्याच्या घरात मी एकटीच. दोन-दोन दिवस तोंडातून शब्द निघत नाही. बोटीवर निदान माणसं असतील, असं वाटलं. माणसं होती, चांगली होती. पुण्याचे दोन मित्र, बंगलोरचं एक नवरा-बायकोचं जोडपं. पण त्यांचं बोलणं आपापसात. मी मागच्या टोकाला रॉड धरून बसायचे. सगळ्यांना मासे लागले. मला शेवटचा दिवस उजाडला तरी काही नाही.

तशी बसले की रविवार आठवायचे. तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून गिरणेवर न्यायचात. घरमालक मारवाडी जैन, खोलीत मासा शिजवायचा नाही ही त्यांची अट, आणि ती तुम्ही कधी मोडली नाहीत. काठावरच काटक्या पेटवून, मीठ-तिखट लावून मासा भाजायचा, वाळूने हात घासायचे आणि मग घरी यायचं. एक दिवस स्पष्ट दिसतो. मी शाळकरी आहे, गळ माझ्या हातात. जोरात हिसका बसतो, मी घाबरून ओढते आणि दोरी तुटते. तुम्ही सहसा रागवत नसा. त्या दिवशी रागावलात. “ओढू नको. पयू दे त्याले. थकना म्हणजे येई.” मग मी रडायला लागले, तेव्हा साक्रीकडच्या तुमच्या गावच्या गोष्टी सांगत घरी आणलंत.

शेवटच्या दिवशी दुपारी, सामान आवरायला सांगून झालं होतं तेव्हा, माझा रॉड एकदम वाकला. दोरी सरसरत निघाली ती थांबेचना. बोटीवरचा माणूस धावत आला, मॅडम सोडा, आम्ही ओढतो म्हणाला. मी मान हलवली. मासा खडकाकडे निघाला की मी त्याला जाऊ देत होते, जरा सुस्तावला की हळूहळू दोरी गुंडाळत होते. खांदे भरून आले, कुणीतरी माझ्या तोंडावर पाणी मारलं. आणि माझ्याच कानावर माझा आवाज आला. “पय, पय. कोठे जाशी? मी बी आठेच शे.” मोठ्याने बोलत होते मी, थांबायला तयार नव्हते. शाळेत बाईंनी हसून टोकल्यावर बाहेर कधी न बोललेली बोली. बँकेत तीस-बत्तीस वर्षं तिचा शब्द चुकूनही निघाला नाही.

तो बोटीजवळ आला तेव्हा चांदीच्या परातीसारखा आडवा झाला होता. माझ्या कमरेएवढा. तिथे मासा परत सोडायचा नियम असतो. त्यांनी फोटो काढला, मी त्याच्या शेपटीजवळ धरून त्याला पाण्यात उभा ठेवला, आणि एका झटक्यात तो खाली गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बंगलोरच्या त्या बाईने जवळ बसून हिंदीत विचारलं, कुठली भाषा होती ती? मी अहिराणी म्हणाले, अर्थही सांगितला: पळ, कुठे जाशील, मीही इथेच आहे. घरी कोण कोण बोलतं, तिने सहज विचारलं. मी हात पुसत राहिले.

घरी येऊन आज हे लिहायला बसले. तुमच्याशी मी जन्मात अशी शुद्ध मराठी बोलले नव्हते, म्हणून आधी आपल्या बोलीतच सुरुवात केली होती. दुसऱ्या ओळीला अडले. ती मला लिहिता येत नाही, आबा. शब्द विचारायला आता कुणी नाही.