नळीखालचं नाक

प्रिय अम्मी,
तुला आणि अब्बांना सलाम.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, निदान सुट्टीच्या दिवशी तरी. इथे माणमध्ये घरमालकीण धोंडाबाई भाकरी आणून देतात.

मी नर्स आहे त्या तान्ह्या बाळांच्या वॉर्डात कोळवणच्या सायली नावाच्या बाईची मुलगी आहे, दिवस भरायच्या आधीच जन्मलेली. नाकात नळ्या लावून मशीनने तिला श्वास देत होतो. मागच्या आठवड्यात दोन नाकपुड्यांमधली कातडी लाल दिसली.

सायली रडकुंडीला आली. “ताई, पोरीचं नाक खराब तर हुनार न्हाई न्हवं?”

मीही घाबरले. नळी काढावी तर श्वास अडणार, ठेवावी तर जखम वाढणार. मग ट्रेनिंगमधलं आठवलं. डॉक्टरांना विचारून नळी कातडीला टेकणार नाही अशी बसवली, घट्ट पट्टे सैल केले, मधूनमधून नळीऐवजी मऊ मास्क लावला. पुढच्या पाळीच्या नर्सलाही दाखवलं.

लाली उतरली. आज मशीनही निघालं. सायलीने लेकीचा अख्खा चेहरा पहिल्यांदाच पाहिला. म्हणाली, “नाक तर माज्या आईवानी हाय!”

अब्बांचा खोकला थांबला का? खरं लिही.

तुझ्या दुवेत असलेली,
आरिफा