मुकं कार्ड

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. वाकून केला असं समज. कारखान्यात दगड उचलून कंबर तशीही वाकलेलीच असते.

पत्र बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे आणि नोकरीही आठ महिने टिकली आहे, म्हणजे माझ्या हिशेबाने म्हातारपणच आलं. फोन मात्र पुन्हा बिघडला. हा तिसरा. तू बोलतेस ते तोंडावर रुमाल धरून बोलल्यासारखं येतं, आणि आईचं तर काहीच कळत नाही. मी आपला अंदाजाने हो हो करतो. मागच्या वेळी कशाला हो म्हणालो ते तिला विचारून कळव.

तर तुझं ग्राफिक्स कार्ड. सुटीच्या दिवशी जुन्या कॉम्प्युटरच्या बाजारात गेलो. वाटेत एका म्हाताऱ्याकडे शिट्टीची किटली दिसली, छान पोटुशी, ती आधी घेतली. म्हाताऱ्याने गंडवलं. शिट्टी वाजतच नाही. पाणी आटून बूड दोनदा काळं झालं तेव्हा कळलं. असो, किटली जाऊ दे.

कार्डवाल्याकडे तुझ्या कामाची दोनच कार्डं आहेत. एक विटेएवढं जाड, तीन पंख्यांचं. दुसरं सडपातळ, दोन पंख्यांचं. मी विचारलं, कमी आवाज कुणाचा? त्याने जे सांगितलं ते असं : कार्ड थंड ठेवायचं तर पंखे फिरायला हवेत, आणि पंखे फिरले की आवाज. आवाज नको म्हणून पंखे हळू ठेवले तर कार्ड तापणार, आणि तापलं की पंखे आपोआप जोरात फिरणार. मांजर स्वतःच्या शेपटीमागे धावावं तसा मी त्याच्या बोलण्यामागे तासभर धावलो. त्यात तो तोंडातल्या तोंडात बोलतो. शेवटी म्हणाला, बहिणीचं काम नीट विचारून या.

तेव्हा नीट सांग. मी गोंधळलो आहे.

लोभ आहे तेवढा राहू दे, नवीन मागत नाही.
तुझा भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. आणि पाठीत एक धपाटा.

आईने विचारलं होतं, दुपारी काय खातोस? तू हो म्हणालास.

तू गावभर सांगत फिरतोस की ताई सिनेमे काढते. अरे, कारखान्यातल्या नव्या माणसांना यंत्र कसं चालवायचं ते शिकवणारे धडे करते मी. पडद्यावर यंत्राची हलती चित्रं आणि मागे माझा आवाज. चित्र चालू ठेवूनच बोलावं लागतं, नाहीतर यंत्राचा हात एकीकडे आणि माझं तोंड दुसरीकडे. अर्ध्या तासात जुनं कार्ड तापतं आणि विमान उडाल्यासारखं ओरडतं. खोली तुला माहीत आहे, खुर्ची मागे सरकवली की दार उघडत नाही. त्यात आवाज भरताना खिडकी बंद, म्हणजे भट्टीच.

दोन धडे परत आले. मागे कुणी झाडझूड करतंय का, असं काम देणाऱ्या बाईंनी विचारलं. पंधरा मार्चला तिसरा द्यायचा आहे. तोही परत आला तर काम दुसरीकडे जाईल, असं त्यांनी गोड शब्दांत कळवलं आहे. गोड शब्दांची मला जास्त भीती वाटते.

म्हणून असं कर. दोन्ही कार्डं तुझ्या खोलीत आणून दार-खिडकी लावून एकेक तास राबव आणि हातभर अंतरावर बसून ऐक. दुकानदाराचं मत नको, तुझं हवं. लहानपणी आईच्या चपलांचा आवाज तू गल्लीच्या टोकापासून ओळखायचास आणि ती दारात येईपर्यंत पुस्तक उघडून बसायचास. तेच कान वापर.

लोभ वाढवायचा की नाही ते कार्ड बघून ठरवीन.
ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न., आणि ह्या वेळी अभिमानाने ताठ उभं राहून.

काम फत्ते. कार्डवाला दोन्ही कार्डं घरी नेऊ देईना, म्हणून माझा फोन त्याच्याकडे ठेवला. तसाही तो मुकाच आहे. कॉम्प्युटर आमच्या कारखान्यात दगडावरच्या नक्षीची चित्रं काढणाऱ्या पोराकडून आणला. तो चांगला आहे बिचारा, फक्त जेवताना सगळ्यांना आपल्या दातांबद्दल सांगतो. कुठे होतो मी? हां.

आधी जाड कार्ड. तासभर राबवलं. हात लावला तर जेमतेम कोमट. पण घरघर आहे, ताई. मांजर मांडीवर झोपलंय अशी, पण घरघर ती घरघर. मला स्पष्ट ऐकू आली.

मग सडपातळ. हे जरा जास्त तापलं, पण आवाज शून्य. मी वाकून कान जवळ नेला. पंखे फिरताना दिसतात आणि आवाज नाही! मला वाटलं बंद पडलं, म्हणून पडद्याकडे बघितलं, तर चित्र आपलं पळतंय. असं गुणी कार्ड मी पाहिलं नाही.

एक गंमत झाली. खालच्या मजल्यावर शिंपीणबाई राहतात. त्या वर आल्या आणि म्हणाल्या की ही शिट्टी बंद करा, सुईत दोरा जात नाही. मी म्हटलं, बाई, शिट्टी कसली? त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मी त्यांच्याकडे. मग कपाळाला हात लावून खाली गेल्या. दिवसभर मशीन चालवून बाईंच्या डोक्यात भुंगा शिरला असणार. आमच्या कारखान्यातही तेच. दगड कापायच्या करवतीवर काम करणाऱ्याने कानांवर टोपणं घालायची असतात. मी पहिला आठवडा घातली, पण त्यात घाम येतो. आणि आता तर करवतीचाही फारसा त्रास होत नाही. माणसाला कशाचीही सवय होते बघ.

तर सोबत मुकं कार्ड पाठवत आहे.

आता लोभ वाढव. कमावला आहे.
तुझा भिंगरी

२५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. ह्या वेळी खरोखरच अनेक.

कार्ड मिळालं. लावून चित्र सुरू केलं आणि खोलीत शिट्टी सुरू झाली. दातांच्या डॉक्टरकडच्या यंत्राची असते तशी, बारीक आणि टोकदार. आई पलीकडच्या खोलीतून आली आणि गॅस कुठे सुटलाय म्हणून शोधू लागली. इथल्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं की ती शिट्टी पंख्यांची नाही, आतली तारेची वेटोळी वाजतात. काही कार्डांना असतं.

तू कार्ड चालवून न बघताच पाठवलंस असं मला वाटलं. रागाने चार पानं लिहिली. मग तुझ्याच शब्दांत तुला पकडावं म्हणून तुझी दोन्ही पत्रं पुन्हा वाचायला घेतली. पुरावा मिळाला रे, पण भलत्याच गोष्टीचा. शिंपीणबाईंना शिट्टी ऐकू आली होती. तुझी किटली वाजत नाही, कार्डवाला पुटपुटतो, आणि तीन वेगवेगळ्या फोनांवर मी रुमाल धरून बोलते. जाड कार्डाची जाड घरघर मात्र तुला स्पष्ट ऐकू आली.

मी ती चार पानं फाडली.

एवढंच कर. किटली गॅसवर ठेव आणि शेजारी कुणाला तरी उभं कर. मला खोटी ठरव. आयुष्यात पहिल्यांदा सांगते आहे, संधी सोडू नकोस.

कार्ड सोबत परत पाठवते. त्याची घाई नाही.

लोभ आहे. तो कार्डावर कधीच अवलंबून नव्हता.
ताई

७ मार्च

ती. ताईस,
सा. न.

आधी कार्डाचं सांगतो. कार्डवाल्याने बदलून दिलं. मी त्याला मोठ्याने बोलायला सांगितलं, तर म्हणाला, पहिल्या दिवसापासून ओरडूनच बोलतोय. जाड कार्ड घरी आणून शिंपीणबाईंना शेजारी बसवलं. म्हटलं, आता कान तुमचे. त्या तासभर काजं करत बसल्या आणि उठताना म्हणाल्या की घरघर आहे, पण दोन मिनिटांत विसरायला होते. तेव्हा हेच घेतलं. ते इतकं जड आहे की तुझ्या कॉम्प्युटरच्या डब्यात खाली लोंबेल, म्हणून टेकू द्यायला दगडाची एक चीप घासून ठेवली आहे. कारखान्यातली ती माझी शेवटची चीप. टपालावर भरवसा नाही, मीच घेऊन येतो. बाराला पोचेन. तुझ्या पंधराच्या आत बसतं.

कानांच्या डॉक्टरीणबाईंकडेही जाऊन आलो. त्यांनी एका बंद खोलीत बसवून हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा म्हणाल्या. बराच वेळ आवाजच येईना. मला वाटलं, यंत्र सुरू करायला विसरल्या. काचेतून बघितलं, तर त्या भराभर लिहीत होत्या. बारीक आवाज गेले ते परत येणार नाहीत म्हणाल्या, उरलेले सांभाळायचे. हे त्यांनी कागदावर लिहून दिलं. मी दोनदा वाचलं आणि तरी काय बोललात म्हणून विचारलं.

आईला सांगितलंस का? नको सांगू. किंवा सांग. मला कळत नाही. तिच्या चपला नव्या असतील तर मला आधी दाखवून ठेव.

किटलीचं राहिलंच. मुद्दामच शेवटी ठेवलं होतं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी गॅसवर चढवली. शिंपीणबाई दारात उभ्या होत्या, मी ओट्याशी. पाणी उकळलं, तोटीतून वाफ जोरात निघायला लागली. मी हसून मागे वळलो, म्हणणार होतो, बघा, म्हाताऱ्याने गंडवलंय. तर बाईंनी दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले होते.

मी गॅस बंद केला. वाफ थांबली, तेव्हा त्यांनी हात खाली घेतले.

म्हाताऱ्याला उगीच शिव्या दिल्या.

लोभ असू दे, ताई, आणि जरा मोठ्याने असू दे.
तुझा भिंगरी