चाक गप्प केल्याबद्दल

ती. मामांस,

वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे पुरतं वाकता येत नाही, तेवढं चालवून घ्या.) तुमचा खोकला आणि मामींची झोप आता ठीक असेल. माझी तब्येत कंबरेच्या वर आणि कंबरेच्या खाली उत्तम आहे.

मी अंथरूण धरल्यावर कारखाना बघायला तुम्ही जावयांना, म्हणजे आमच्या भावोजींना, पाठवलंत. माणूस लाखात एक. पण त्यांनी जन्मभर ग्रीस विकलं, हे आपण दोघेही विसरलो. घर्षण दिसलं की त्यांना ते मिटवावंसं वाटतं, आणि आमचं तर पोटच घर्षणावर चालतं. ग्राइंडिंगचं चाक लोखंड कापतं ते त्याच्या खरखरीत कणांच्या जोरावर. कण बोथट झाले की हिऱ्याच्या टोकाने चाक खरवडायचं, म्हणजे खालचे धारदार कण वर येतात. मग ते गुरगुरतं, ठिणग्या उडवतं. भावोजींना हे बघवेना. एवढं छान गुळगुळीत झालेलं चाक पुन्हा ओरबाडता कशाला, म्हणून त्यांनी हिरा कपाटात कुलूपबंद केला. मिस्त्रींनी अडवायला हवं होतं. पण मालकाच्या घरचे जावई (त्यातून सगळ्यांना स्वतः चहा करून देणारे), बोलणार कोण? मला रोज फोन, की चाक कसं गप्प झालंय, एकदा येऊन ऐका. मी खुळ्यासारखा आभार मानत होतो.

गप्प होणारच. ते कापायचं सोडून नुसतं घासत होतं. काल काठी टेकत गेलो, तर गिऱ्हाइकाच्या पंपांसाठी घासलेले सगळे दांडे तापून निळे-तपकिरी डागाळलेले. असा दांडा दिसतो चकचकीत आणि कामाला लागला की तडकतो.

"रंग वेगळा द्यावा लागला नाही बघा," भावोजी म्हणाले.

मी भिंत धरली. त्यांना वाटलं, कंबर. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक हातचं जाणार, आणि जावयाला बोलायची सोय नाही.

मामींना नमस्कार सांगा.

तुमचा,
भाचा

ता. क. तुमचा गुडघा दुखतोय असं कळवून त्यांना ताबडतोब बोलावून घ्या. दुखत नसला तरी.

पुन्हा ता. क. आजही कारखान्यातच आहे; पाकीट चिकटवतोय तोच ते गिऱ्हाईक तणतणत कारखान्यात आलं. मी आतल्या खोलीत पडून राहिलो (कंबरेमुळे). भावोजींनी त्याला बसवलं, चहा दिला, काय बिघडलं ते त्याच्याकडूनच समजून घेतलं, दांडे आपल्याच अकलेने करपले हे हसत हसत कबूल केलं, आणि ते नव्या दांड्यांना मुदत देऊन, वर आणखी काम देऊन गेलं. अट एवढीच, की यापुढे बोलणं फक्त भावोजींशी. तेव्हा मामा, गुडघ्याला जपा.