ओठ आधी, आवाज मागून

प्रिय बाळा,

मागच्या रविवारी फोन ठेवता ठेवता तू हळूच म्हणालीस की बाबा, आईचे धडे आता थांबवू या, तिला उगाच त्रास होतोय. मी बरं म्हणालो. ते ‘बरं’ मी परत घेतोय. धडे थांबणार नाहीत. तू कितीही हळू बोललीस तरी तिनं ते ऐकलं होतं, कारण तिचे कान शाबूत आहेत, अडलंय ते फक्त तोंडाशी. फोन बंद झाल्यावर ती खिडकीकडे तोंड करून बसली आणि मी चहा पुढे केला तर तो तसाच गार झाला. तुझ्यावर राग नाही हं. तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो, कारण तुला तिकडून तसंच दिसत होतं. पण ते खरं नव्हतं, आणि हे मला कळायला इतके दिवस लागले म्हणून माझा मलाच राग येतोय.

आजारपणात आईचे हातपाय वाचले आणि शब्द तेवढे गेले, तेव्हा बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी तुला नीट बजावलं होतं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तू शब्द म्हणायचास, आईनं तो म्हणायचा, आणि जमला की त्याच क्षणी ‘वा!’, चुकला की त्याच क्षणी ‘परत’. त्याच क्षणी, हे त्या दोनदा म्हणाल्या होत्या. सुरुवातीला कसं छान चाललं होतं आठवतंय ना? ‘दार’ आलं, ‘पाणी’ आलं, एकदा तर मला उद्देशून एक असा शब्द आला की तू हसून लोटपोट झालीस. मग हळूहळू गाडी उलटी फिरली. आलेले शब्दही अडखळायला लागले. जिनं उभा जन्म बालवाडीत दुसऱ्यांची पोरं बोलती केली, ती स्वतः ‘परत’ ऐकून फोन पालथा घालायला लागली.

मागच्या रविवारी, तू ते म्हणण्याआधी, तुझा धडा चालू असताना मी तिच्या मागे उभा होतो. तिनं ‘पाणी’ म्हटलं, अगदी स्वच्छ. तू पडद्यावर ढिम्म. तिनं थोडी वाट पाहिली, मग तुझा पुढचा शब्द आला, ‘खिडकी’. तो बिचारीला जमला नाही, काहीतरी भलतंच निघालं, आणि नेमकं तेव्हा तुझं ‘वा, आई, वा!’ येऊन पोचलं. ती गोंधळली. पुढचं ‘दार’ तिनं नीट म्हटलं, तर त्यावर आलं ‘नाही गं, परत’. अगं, मी सगळी नोकरी थिएटरात सिनेमा दाखवण्यात काढली. चित्र यंत्रात एका जागी दिसतं आणि आवाज जरा पुढे वाचला जातो, मधली फिल्म थोडी जरी सैल राहिली तरी नायिकेचे ओठ आधी हलतात आणि गाणं मागून येतं. मग खालून शिट्ट्या आणि माझ्या नावानं शिमगा. ते मी दोन बोटांनी दुरुस्त करत असे, आणि इथे माझ्याच घरात ओठ आधी आणि आवाज मागून चाललंय, हे मला दिसू नये? तुझी शाबासकी तिच्या चुकांना मिळत होती, आणि तुझं ‘परत’ तिच्या बरोबर शब्दांना. आई बिघडली नव्हती, बाळा. आपलं इंटरनेट मंद होतं.

मग मी कंबर कसली. तू हसशील, पण फोनच्या मी अक्षरशः हात धुऊन मागे लागलो. आधी तो बंद करून चालू केला. मग त्याचं ते जाड, धातूच्या पट्टीचं कव्हर काढलं, कारण कोणी तरी म्हणालं त्यानं रेंज अडते. विमानात कधी पाऊल ठेवलं नाही, पण विमानाचं बटण इतक्या वेळा चालू-बंद केलं की एव्हाना मी जगप्रदक्षिणा करून आलो असतो. तुझ्या मावशीचे रोज सकाळचे फुलांचे फोटो आणि भजनं आपोआप उतरत होती, ते बंद केलं (हे तिला सांगू नकोस, ती वर्षभर बोलणार नाही, आणि तुझ्या आईला तो फायदाच वाटेल). खुर्ची बैठकीतून उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीशी नेली, तिथे रेंजच्या कांड्या पूर्ण दिसतात. मग नेटवर्कची सगळी जुळणी पुसून नव्यानं केली, तेव्हा अर्धा दिवस फोन कुणालाच लागेना आणि घरात माझी चांगलीच हजेरी घेतली गेली. शब्दांशिवाय हजेरी घेता येते, हे तुझ्या आईकडून शिकावं. एवढं करून फरक पडला तो बेताचाच. मावशीला फोन लावून पाहिला, तर तिचे ओठ अजूनही गाण्याच्या पुढेच.

मधेच एक सांगतो. हल्ली आई मला सारखी बाहेर पिटाळते. पिशवी हातात देते आणि दाराकडे बोट दाखवते. घरात कांदे असले तरी कांदे आणायला, साबण असला तरी साबण आणायला. मला वाटलं माझा कंटाळा आला असेल, आणि खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. असाच एकदा पिटाळला गेलो असताना फोन चुकून माझ्या खिशात राहिला होता, म्हणून कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात शिरलो. तिथल्या बाईंनी फोन हातात घेतला, दोन-तीन जागी बोट लावलं आणि कोणतं काम किती डेटा खातंय ते पान उघडून दिलं. म्हणाल्या, काका, तुमचा फोन काहीही घेत नाहीये, तो सारखा काहीतरी वर पाठवतोय, रस्ता त्यानंच अडवलाय. आणि पाठवत होतं कोण, तर फोटोंचं खातं. आईचे जुने फोटो हरवू नयेत म्हणून तूच मागच्या भेटीत ती आपोआप जपून ठेवायची सोय लावून दिली होतीस. मी म्हणालो, अहो पण आम्ही फोटो काढतच नाही. त्यांनी ते खातं कुठे उघडायचं ते दाखवलं आणि फोन माझ्या हातात दिला.

घरी न जाता मी आपल्या इमारतीच्या जिन्यात बसलो आणि ते उघडलं. फोटो नव्हते, व्हिडिओ होते. एकामागून एक, सगळे आपल्या स्वयंपाकघरातले. फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला, समोर तुझी आई, केस नीट विंचरलेले, चष्मा पुसून घातलेला. मला बाहेर काढून ती हे करत होती. स्वतःच शिकवायची आणि स्वतःच शिकायची. चुकली की बालवाडीतल्या पोरांना दाखवायची तसं बोट स्वतःलाच दाखवायची आणि पुन्हा सुरू. तिचे ते लांबच लांब व्हिडिओ वर चढत राहायचे, त्यात फोनचा जीव जायचा, आणि रविवारी तुझी ‘वा’ त्यांच्या मागे रांगेत उभी राहायची. म्हणजे तिच्या सरावानंच तिचा धडा बुडत होता. मी जिन्यात बसून रडलो. वरच्या मजल्यावरचे वकील खाली उतरले, त्यांना म्हणालो डोळ्यात काहीतरी गेलंय.

पुसलं काहीच नाही. आपोआप वर पाठवणं तेवढं बंद केलं आणि जे होतं ते सगळं जपून ठेवलं. मग मावशीला पुन्हा फोन लावला. ओठ आणि आवाज एकत्र! ती मला माझ्या तब्येतीबद्दल झापत होती आणि तिचा एकेक शब्द तिच्या तोंडातून वेळच्या वेळी बाहेर पडत होता. मावशीचं बोलणं इतकं गोड मला आयुष्यात लागलं नव्हतं. आईला यातलं काही ठाऊक नाही. ती अजून पिशवी हातात देते, आणि मी आनंदानं कांदे आणायला जातो. घरात आता कांदेच कांदे झालेत.

आता हे फोनवर न सांगता कागदावर का लिहिलं ते सांगतो. घरात फोन एकच, तो तिच्याजवळ असतो, आणि माझं बोलणं ती ऐकते. तिनं लपवलेलं मी पाहिलंय हे तिला कळता कामा नये. त्या व्हिडिओंत ती तुझ्या धड्यातला एकही शब्द म्हणत नाही. ‘पाणी’ नाही, ‘दार’ नाही. ती एकच शब्द म्हणते. तुझं घरातलं नाव, जे तिनं ठेवलं, फक्त तिनंच हाक मारायला वापरलं, आणि तिच्या आजारापासून या घरात कुणी उच्चारलं नाही. मीसुद्धा ते इथे लिहीत नाही, तो हक्क तिचा आहे. सुरुवातीला नुसता शेवटचा स्वर येतो. मग मधलं अक्षर. आणि सगळ्यात अलीकडच्या व्हिडिओत ते अख्खं येतं, लहानपणी तुला खेळातून जेवायला बोलवायची तसंच. मग ती थांबते, फोनकडे बघत राहते, आणि ‘वा’ म्हणायला समोर कुणीच नसतं. हे पत्र मिळालं की येणाऱ्या रविवारी फोन कर. घाई करू नकोस, तिचा शब्द तू पुरा करू नकोस, कितीही वेळ लागू दे. आणि तिनं तुला हाक मारली की त्याच क्षणी ओ दे. आता पोचेल.

तुझाच, कांद्यांच्या ढिगात बसलेला,
बाबा