चुलत्याच्या खुंटाला बांधलेलं जाळं

बाळकुम, भाद्रपद शुद्ध तृतीया, दिवेलागण

आज बाने पहिल्यांदाच मला एकट्याला होडी दिली, आणि मी खाडीत आपलं जाळं चुलत्याच्या खुंटाला बांधून आलो! भरतीत खुंटांची नुसती टोकं दिसत होती. पण हे कारण ऐकणार कोण? याच खुंटांवरून दोघे भाऊ सात वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. ओहोटीला चुलत्याने जाळं पाहिलं. गाठ माझीच, हे कोणीही सांगेल. गावात डावखुरा मी एकटाच.

घरी येऊन मी पाठ वाकवून उभा राहिलो. आजवर प्रत्येक चुकीला बाचा हात उठला. आज म्हणाला, "जेवून घे. मंग चुलत्याकडं जा. एकलाच."

ताट बाजूला सारून हे लिहितोय. ती गाठ डोळ्यांपुढून हलत नाही. मारलं असतं तर सुटलो असतो.