उडत्या पाखराची पिसं

माय, बाबा तुझ्याबद्दल आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे, "आमच्या घरची त उडत्या पाखराची पिसं मोजते." खोटं नव्हतं ते. जरीपटक्याच्या बाजारात वरची संत्री बघून तू टोपलीच्या तळाचा माल ओळखायचीस. शेजारीण रडून, तोंड धुऊन आली, तरी तुला कळायचं. शाळेत या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा म्हटलं, तेव्हा मी तुझ्यावरचंच वाक्य लिहिलं होतं. अर्थ लिहिला होता, बारीक नजरेतून काही न सुटणे.

मग ताईला बघायला खाप्याचे पाहुणे आले. मुलगा देखणा, बोलणं मऊ, घरचा संत्र्यांचा बगीचा. सोबत त्याची आई आणि भावजय. बाबा खुशीत होते. तू पोह्यांच्या रिकाम्या बशा घेऊन स्वयंपाकघरात आलीस, तुझ्या मागोमाग ते. मी तिथंच पाणी भरत होते.

"त्यानं कप जरा जोरात ठेवला, त भावजय दचकली," तू हळूच म्हणालीस. "तो उठला, त पुन्हा दचकली. त्या घरात हात उठते. पोरीले तिथं देऊ नका."

बाबा हसले. "बाजारात ठीक आहे वं. इथंही पिसं मोजून राहिली काय? एक बाई दचकली म्हणून असं ठिकाण सोडू?"

शब्द तेच, पण त्या दिवशी ते टोमण्यासारखे आले. याद्या व्हायच्या आधी तू पुन्हा बोललीस, तर बाबा भरल्या ताटावरून उठून गेले. लग्न झालं.

पहिल्या पोळ्याला ताई माहेरी आली, एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचं पोलकं घालून. ते दिसायला तुझी नजर लागत नव्हती. बाबांनाही दिसलं. तरी सण झाल्यावर त्यांनीच तिला एस.टी.त बसवून दिलं. त्यानंतर कुणाबद्दल तू काही ओळखलंस, असं मी कधी ऐकलं नाही.

आता तुम्ही दोघंही नाही. ताई अजून खाप्यालाच आहे, त्याच माणसाजवळ. मागच्या महिन्यात गेले होते, तर मेथी निवडता निवडता म्हणाली, "मायच्या नजरेतून काही सुटत नव्हतं वं. माझ्याच वेळेस कशी चुकली? तिले दिसलं असतं, त तिनं मले इथं देऊच दिलं नसतं."

घरात कुणाला माहीत नव्हतं, एवढ्याच समजुतीवर तिनं इतकी वर्षं काढली आहेत. ती काढून घेऊन तिला काय देऊ? हे पत्र कुणाच्या हाती पडायचं नाहीच, म्हणून तुला लिहून सांगते. मी म्हटलं, "चुकलीच असन, ताई."